पैसा बाहेरचा, सत्ता गावाची: हिशोब कसा लावायचा?

ज्यांना हेडफोन लावून पाऊण तास ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे इथे लिहून काढलाय. बोलताना अडखळलेली वाक्यं जरा सरळ केलीत, बाकी जसं बोललो तसंच आहे.

सुरुवात माझ्याच एका किश्शाने करतो. पहिल्या नोकरीत मी एका सरकारी योजनेचा डॅशबोर्ड बनवणाऱ्या टीममध्ये होतो. गावपातळीवरच्या लोकांना प्रशिक्षण द्यायचं होतं आणि त्यासाठी बाहेरच्या एका संस्थेचा पैसा होता. डॅशबोर्डवर प्रत्येक गावापुढे एक रकाना होता, 'क्षमता बांधणी'. प्रशिक्षणाच्या हजेरीपटाची पीडीएफ अपलोड झाली की रकाना हिरवा. आमच्या टेस्टरने एक दिवस चहाच्या कपाचा फोटो पीडीएफ करून चढवला. गाव हिरवं झालं! आम्ही तो बग म्हणून कळवला. वरून उत्तर आलं, "फाइल आली की झालं, आत काय आहे ते बघणं आपल्या स्कोपमध्ये नाही."

तेव्हा हसलो होतो. पण तो चहाचा कप डोक्यातून गेला नाही. त्या गावातल्या लोकांची 'क्षमता' खरंच वाढली का, हे कुणाला कळणार होतं? कसं कळणार होतं? आजचा विषय तोच आहे, फक्त मोठ्या पडद्यावर. गरीब आणि विकसनशील देशांमध्ये सत्ता राजधानीतून जिल्ह्याकडे, गावाकडे जावी म्हणून जागतिक बँक, संयुक्त राष्ट्रांच्या संस्था, युरोपातले देश, अमेरिका यांनी १९९०च्या दशकापासून भरपूर पैसा ओतला. त्याने काही झालं का? आणि झालं किंवा नाही झालं, हे ठरवायचं कसं?

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. विकेंद्रीकरण हा शब्द ऐकला की आपल्याला निवडणूक आठवते. सरपंच, नगरसेवक वगैरे. पण त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी खाली यायला लागतात: काम, पैसा आणि माणसं. समजा कायद्यात लिहिलं की शाळा चालवणं हे जिल्ह्याचं काम. पण शिक्षकाची बदली राजधानीत ठरते आणि खडूचे पैसेही राजधानीतूनच, तेही कशावर खर्च करायचे हे ठरवून येतात. मग जिल्ह्याकडे नक्की काय आलं? शिव्या खायचं काम आलं. तीनपैकी एकच गोष्ट आली तर कागदावर विकेंद्रीकरण दिसतं आणि प्रत्यक्षात लोकांचा स्थानिक सरकारवरचा विश्वास आणखी उडतो.

मदत देणाऱ्यांना हा विषय एवढा का आवडला? कारण सोपं आहे. १९८०च्या दशकात त्यांनी केंद्रीय मंत्रालयांमधून पैसा दिला आणि तो बऱ्याच ठिकाणी झिरपत झिरपत नाहीसा झाला. मग युक्तिवाद असा झाला की गावातल्या माणसाला गावाची गरज जास्त कळते, आणि आपला सदस्य चोरी करत असेल तर ते शेजाऱ्याला दिसतं. ऐकायला पटतं. पण गावात राहिलेल्या कुणालाही विचारा, तो लगेच दुसरी बाजू सांगेल: शेजाऱ्याला दिसतं खरं, पण तो बोलेल का? ज्याच्याविरुद्ध बोलायचं, त्याच्याच ट्रॅक्टरवर त्याचं शेत नांगरलं जातं.

म्हणजे दोन्ही बाजूंना तर्क आहे. वाद तर्काने मिटत नाही, मोजून मिटतो. आणि मोजायला गेलं की पहिली अडचण येते ती तुम्हाला, म्हणजे ॲप वापरणाऱ्या आणि बनवणाऱ्या पिढीला, लगेच कळेल: ए-बी टेस्ट. बटणाचा रंग बदलल्याने फरक पडला का हे बघायला आपण अर्ध्या लोकांना जुना रंग दाखवतो. देशाचं तसं करता येत नाही. एका देशाने संविधान बदललं, जिल्ह्यांना अधिकार दिले, त्याच वर्षी कॉफीचे भाव वाढले, युद्ध थांबलं, नवा राष्ट्राध्यक्ष आला. दहा वर्षांनी शाळा सुधारल्या. श्रेय कुणाचं? मदत आली नसती तर काय झालं असतं, हा देश आपल्याला कधीच दिसत नाही.

आता युगांडाला जाऊ. या विषयावर बोलणारा कुणीही युगांडाशिवाय पुढे जात नाही.

१९८६ मध्ये योवेरी मुसेवेनी बंडखोर सैन्य घेऊन सत्तेवर आले. जंगलातल्या लढाईच्या काळात त्यांनी गावोगावी 'प्रतिकार परिषदा' उभ्या केल्या होत्या. सत्ता आल्यावर त्याच परिषदांचं रूपांतर स्थानिक सरकारात झालं: गावापासून जिल्ह्यापर्यंत पाच पायऱ्या. १९९३चा कायदा, १९९५चं संविधान, १९९७चा स्थानिक सरकार कायदा. हे लक्षात घ्या, इथे विकेंद्रीकरण परदेशी सल्लागाराने सुचवलेलं नव्हतं. ते सत्ताधाऱ्यांना स्वतःलाच हवं होतं, राजकीय कारणासाठी. मदत मागून आली.

आणि ती मदत खरंच हुशारीने रचलेली होती. संयुक्त राष्ट्रांच्या भांडवल विकास निधीने १९९०च्या दशकाच्या शेवटी मोजक्या जिल्ह्यांत एक प्रयोग केला. जिल्ह्याला विकासासाठी थेट अनुदान मिळणार, कशावर खर्च करायचं ते जिल्हा ठरवणार. पण आधी काही किमान अटी: विकास आराखडा हवा, हिशोब लिहिलेले हवेत, अंतर्गत लेखापरीक्षण चालू हवं, थोडा वाटा स्वतःच्या खिशातून हवा. मग दरवर्षी तपासणी. चांगलं काम केलं तर पुढच्या वर्षी २० टक्के जास्त, वाईट केलं तर २० टक्के कमी. २००० पासून जागतिक बँकेने हीच पद्धत देशभर पसरवायला पैसा दिला, आणि पुढे इतर अनेक देशांनी ती उचलली.

मला हे डिझाइन आवडतं, प्रामाणिकपणे सांगतो. एपीआयला रेट लिमिट लावावं तसं ते साधं आहे: नियम सगळ्यांना माहीत आणि परिणाम लगेच दिसतो. हिशोब न लिहिणारे जिल्हे हिशोब लिहायला लागले, ही छोटी गोष्ट नाही. पण अटी नीट वाचा. आराखडा आहे का, वही आहे का, समितीची बैठक झाली का. सगळ्या अटी कागदाच्या आहेत. दवाखान्यात औषध मिळालं का, ही अट त्यात नाही. म्हणजे आमच्या चहाच्या कपाचा मोठा भाऊ. तिथले तपासनीस आमच्यापेक्षा हजारपट गंभीर होते, मान्य. पण मोजपट्टी लावली होती ती कागदालाच.

युगांडातलीच दुसरी गोष्ट याहून जास्त बोलकी आहे. १९९०च्या दशकाच्या मध्यात अर्थतज्ज्ञ रित्वा राइनिक्का आणि याकोब स्वेन्सन यांनी एक साधा प्रश्न विचारला. केंद्र सरकार प्राथमिक शाळांना दर विद्यार्थ्यामागे अनुदान देतं, ते जिल्ह्यामार्फत जातं. शाळेत किती पोचतं? त्यांनी केंद्राच्या वह्या बघितल्या आणि मग अडीचशे शाळांमध्ये जाऊन तिथल्या वह्या बघितल्या. दोन्ही जुळवल्या. १९९१ ते १९९५ या काळात सरासरी फक्त १३ टक्के पैसा शाळेपर्यंत पोचला होता. बहुतेक शाळांना तर काहीच मिळालं नव्हतं. बाकीचा वाटेत, मुख्यतः जिल्हा पातळीवर थांबला.

विचार करा. जी पातळी 'लोकांच्या जवळ' म्हणून मजबूत करायची, तिथेच गळती. आकडा बाहेर आल्यावर सरकारने दर महिन्याला कुठल्या जिल्ह्याला किती पैसे पाठवले, हे वर्तमानपत्रात छापायला सुरुवात केली. मुख्याध्यापक पेपर वाचून जिल्हा कार्यालयात जाऊन विचारायला लागले. २००१ पर्यंत शाळेत पोचणारा वाटा ८० टक्क्यांच्या वर गेला.

ही कथा जगभर सांगितली गेली. पेपरात छापा, चोरी थांबेल! मीही ती पहिल्यांदा वाचली तेव्हा तीन मित्रांना पाठवली होती. पण नंतर पॉल हबर्ड या अभ्यासकाने एक रास्त मुद्दा काढला. त्याच काळात युगांडात सगळ्यांना मोफत प्राथमिक शिक्षण सुरू झालं, अनुदान वाटायची पद्धत बदलली, देखरेख कडक झाली. मग १३ वरून ८० पर्यंतच्या प्रवासात पेपरचा वाटा किती आणि बाकीच्यांचा किती? मूळ अभ्यासकांनी पेपरच्या दुकानापासून शाळा किती लांब आहे, यावरून फरक काढायचा प्रयत्न केला होता आणि फरक दिसलाही. पण गोष्ट सांगणाऱ्यांनी सगळं श्रेय पेपरला देऊन टाकलं. गोष्ट जितकी गोड, तितका प्रश्न जास्त विचारायचा, हे मी तेव्हापासून स्वतःला बजावतो.

युगांडाचा शेवट अजून बाकी आहे. तिथे 'ग्रॅज्युएटेड टॅक्स' नावाचा वसाहतकाळापासूनचा कर होता. प्रौढ पुरुषांकडून उत्पन्नाच्या टप्प्यानुसार वसूल व्हायचा, आणि वसुली फार क्रूर असायची. लोक वसुली पथक आलं की झाडीत लपायचे. लोकांना तो नकोसा होता, पण जिल्ह्यांच्या स्वतःच्या उत्पन्नाचा तो सर्वात मोठा झरा होता. २००५ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, तो रद्द झाला. लोक खूश. आणि जिल्हे? जवळपास पूर्णपणे राजधानीतून येणाऱ्या पैशावर अवलंबून. शिवाय जिल्ह्यांची संख्या वाढतच गेली. १९८६ मध्ये ३३ जिल्हे होते, २०२० पर्यंत १३५च्या आसपास झाले. नवा जिल्हा म्हणजे नवं मुख्यालय, नव्या खुर्च्या, नवे उपकृत लोक. आधीच थोडं असलेलं पाणी जास्त घागरींत.

मग युगांडातली मदत यशस्वी की अयशस्वी? अहवाल १९९९ मध्ये लिहिला असता तर 'आफ्रिकेचा आदर्श'. २००८ मध्ये लिहिला असता तर 'उलटा प्रवास'. पैसा तोच, देश तोच. मदत देणाऱ्यांच्या अनुदानाचं डिझाइन चुकलं नव्हतं, पण कुठला कर ठेवायचा आणि किती जिल्हे करायचे हे त्यांच्या हातात कधी नव्हतंच. प्रकल्पाच्या मूल्यमापनात मात्र हे सगळं 'बाह्य जोखीम' या एका ओळीत बसवलं जातं. मला ती ओळ वाचली की राग येतो. अहो, राजकारण हेच तर विकेंद्रीकरण आहे, ते बाह्य कसं?

चला, आता इंडोनेशिया. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण इंजिनिअर माणसाला मजा येईल असा प्रयोग आहे.

१९९८ मध्ये सुहार्तोंची ३२ वर्षांची राजवट पडली. पुढच्याच वर्षी दोन कायदे झाले आणि २००१ मध्ये एका झटक्यात अधिकार जिल्ह्यांकडे गेले. सुमारे वीस लाख सरकारी कर्मचारी केंद्राकडून स्थानिक सरकारांकडे वर्ग झाले. याला 'बिग बँग' म्हणतात ते उगाच नाही. याच काळात जागतिक बँकेच्या कर्जावर एक मोठा कार्यक्रम चालू होता. तालुक्यासारख्या पातळीला, तिकडे त्याला केचामातान म्हणतात, थेट अनुदान द्यायचं. गावांनी बैठका घेऊन ठरवायचं की रस्ता हवा का पूल का विहीर.

बेंजामिन ओल्केन या अर्थतज्ज्ञाने या कार्यक्रमातली जावा बेटावरची ६०८ गावं घेतली. सगळीकडे रस्ता बांधायचा होता. त्याला बघायचं होतं की चोरी कशाने कमी होते: वरून होणाऱ्या ऑडिटने की खालून होणाऱ्या लोकांच्या देखरेखीने? आणि इथे ए-बी टेस्ट शक्य होती, कारण गावं शेकडो होती. चिठ्ठ्या टाकून ठरवलं. काही गावांना आधीच सांगितलं की तुमचं ऑडिट नक्की होणार, १०० टक्के, आणि निकाल गावाच्या बैठकीत वाचला जाणार. बाकीच्यांना नेहमीप्रमाणे सुमारे ४ टक्के शक्यता. दुसऱ्या बाजूला काही गावांत घरोघरी बैठकीची निमंत्रणं वाटली, काही ठिकाणी निनावी तक्रारीचे कागदही.

आता चोरी मोजायची कशी? सरपंचाला विचारून तर कळणार नाही! ओल्केनच्या टीमने रस्ते बांधून झाल्यावर इंजिनिअर पाठवले आणि रस्ता खणला. जागोजागी खड्डे करून किती वाळू, किती दगड, किती खडी खरोखर टाकलीय ते मोजलं. पण वाळू तर पावसात वाहून जाते, दबून जाते. म्हणून त्यांनी स्वतः छोटे चाचणी रस्ते बांधले, त्यात किती सामान टाकलं हे माहीत होतं, आणि नंतर ते खणून किती सापडतं ते बघितलं. म्हणजे मोजपट्टीचीच आधी चाचणी. आसपासच्या दुकानदारांकडून खडीचे भाव घेतले, गावकऱ्यांकडून खरी मजुरी विचारली. मग हा खर्च आणि कागदावरचा खर्च यातला फरक म्हणजे गायब झालेला पैसा.

निकाल? ऑडिट नक्की होणार हे माहीत असलेल्या गावांत गायब पैसा साधारण ८ टक्के बिंदूंनी कमी, सुमारे २८ वरून १९च्या आसपास. लोकसहभागाने सरासरी फारसा फरक नाही. निमंत्रणं वाटल्यावर बैठकीला लोक जास्त आले, भ्रष्टाचाराविषयी बोललेही जास्त. मजुरीतली चोरी कमी झाली, कारण मजुरी थेट आपल्या खिशातली, ती कमी आली की लगेच कळते. पण सामानातली चोरी? खडी दहा टक्के कमी पडली तर ती कुणाची? सगळ्यांची, म्हणजे कुणाचीच नाही. शिवाय ती डोळ्यांना दिसत नाही.

आणि तक्रारीचे कागद. ते गल्लीच्या प्रमुखामार्फत वाटले तिथे काही झालं नाही. शाळेतल्या मुलांच्या हातून घरी पाठवले तिथे परिणाम दिसला. कागद तोच, हात वेगळा. गल्लीचा प्रमुख आपल्याला सोयीची घरं निवडत असणार, मुलं सगळ्यांच्या घरी जातात. माझ्या मते सबंध अभ्यासातली सर्वात शहाणी गोष्ट हीच आहे, आणि अहवालांच्या सारांशात ती कधीच येत नाही.

अजून एक मजा. ऑडिट असलेल्या गावांत पैशाची चोरी घटली, पण प्रकल्पात नातेवाईकांना काम देणं वाढलं. भोक एकीकडे बुजवलं, दुसरीकडून पाणी निघालं. कमी निघालं, पण निघालं.

बघा, विकेंद्रीकरणाच्या समर्थकांना हे टोचणारं आहे. स्थानिक काम नीट व्हायला केंद्राचा ऑडिटर लागला. पण मला यात विरोधाभास वाटत नाही. खाली अधिकार देणं आणि वरून हिशोब तपासणं या दोन्ही गोष्टी एकत्र राहू शकतात. अडचण तेव्हा होते, जेव्हा मदत देणारी संस्था दोन महिन्यांच्या 'जनजागृती' कार्यशाळेला ऑडिटचा पर्याय समजते. कार्यशाळा स्वस्त पडते आणि फोटोही छान येतात.

तिसरी गोष्ट सिएरा लिओनची. पश्चिम आफ्रिकेतला छोटा देश. तिथल्या निवडून आलेल्या स्थानिक परिषदा १९७२ मध्ये बरखास्त केल्या गेल्या. १९९१ ते २००२ भीषण यादवी युद्ध झालं, आणि खेड्यांकडे राजधानीने केलेलं दुर्लक्ष हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. २००४ मध्ये परिषदा पुन्हा आल्या, जागतिक बँकेच्या आधाराने. त्याच्या जोडीला 'गोबिफो' नावाचा गावपातळीचा कार्यक्रम. क्रिओ भाषेत याचा अर्थ 'पुढे चला'. प्रत्येक गावाला सुमारे ४,६६७ डॉलर, आणि त्यासोबत कित्येक महिने गावात येऊन बसणारे कार्यकर्ते. हेतू फक्त संडास आणि धान्य वाळवायची ओटी बांधणं नव्हता. म्हाताऱ्या सरदारांच्या हातातला निर्णय बायका आणि तरुणांपर्यंत पोचवायचा होता. बँक खात्यावर सही करणाऱ्या तिघांपैकी एक बाई असलीच पाहिजे, असे नियम होते.

केसी, ग्लेनर्स्टर आणि मिगेल या तीन संशोधकांनी २३६ गावं घेतली. निम्म्यांना कार्यक्रम, निम्म्यांना नाही, तेही चिठ्ठीने. आणि बदल मोजायला त्यांनी फक्त प्रश्नावली वापरली नाही. "तुमच्याकडे बायका बैठकीत बोलतात का?" असं विचारलं तर कार्यक्रमात शिकलेला माणूस काय उत्तर देणार? बरोबर उत्तर त्याला पाठ झालेलं असतं. म्हणून त्यांनी गावाला खरोखर काहीतरी ठरवायला लावलं. भेट म्हणून मीठ हवं की बॅटऱ्या, गावाने मिळून ठरवा. आणि बाजूला बसून नोंद केली: कोण बोललं, किती बायका बोलल्या, शेवटी कुणी ठरवलं. दुसरं, बांधकाम साहित्यावर सवलतीची कुपनं दिली, पण उरलेले पैसे गावाने गोळा करायचे. तिसरं, एक मोठी ताडपत्री दिली आणि काही महिन्यांनी परत जाऊन बघितलं की ती सार्वजनिक कामाला वापरली जातेय की कुणाच्या घरावर पडलीय.

निकाल असा. गावात सोयी वाढल्या, बाजार थोडा हलला. पैसा गावाबाहेर पळाला नाही. पण निर्णय घेण्याची पद्धत? बायकांचा आवाज? एकत्र येऊन वर्गणी काढणं? कार्यक्रम झालेल्या आणि न झालेल्या गावांत टिकाऊ फरक दिसला नाही. कार्यक्रमाच्या पैशासाठी बायकांनी सही केली. पण बाकीच्या गोष्टींत गाव जुन्याच वळणावर.

आणि आता माझा आवडता भाग. या संशोधकांनी काय काय मोजायचं आणि कुठल्या निकालाला यश म्हणायचं, हे आकडे येण्याआधी लिहून ठेवलं होतं. नंतर त्यांनी मुद्दाम दाखवून दिलं की शेकडो मोजमापांतून सोयीची सहा-सात उचलली तर 'कार्यक्रमाने गावच्या संस्था मजबूत केल्या' असा अहवाल लिहिता येतो. वेगळी सहा-सात उचलली तर 'संस्था कमकुवत केल्या' असाही. दोन्हीकडे आकडे खरे! आधी लिहून ठेवलेलं नसतं तर कोणता अहवाल छापला गेला असता, तुम्हीच ठरवा.

इथे थांबलो असतो तर ही 'मदतीने काही होत नाही' अशी गोष्ट झाली असती. पण टीम सुरुवातीपासून ११ वर्षांनी परत त्याच गावांत गेली. सोयी आणि बाजारातला फायदा अजून टिकून होता, आणि संस्थांवरही यावेळी थोडा, पण चांगल्या दिशेने परिणाम दिसला. म्हणजे चार वर्षांनी न दिसलेलं अकराव्या वर्षी अंधुक का होईना दिसलं. कदाचित अशा गोष्टींना वेळच तेवढा लागतो. आता अडचण बघा: मदतीचा प्रकल्प साधारण चार-पाच वर्षांचा असतो. प्रकल्प संपता संपता मूल्यमापन होतं, कारण त्यानंतर बजेट संपतं आणि माणसं दुसऱ्या देशात जातात. जे अकराव्या वर्षी उगवतं ते बघायला तिथे कुणी नसतं. आणि जे सहाव्या वर्षी मरतं, तेही.

जागतिक बँकेच्या स्वतंत्र मूल्यमापन गटाने २००८ मध्ये स्वतःच्याच कामाचा आढावा घेतला होता, १९९० ते २००७ या काळाचा. त्याचा सूर थोडक्यात सांगतो: कायदे, केंद्राकडून पैसे वाटायची सूत्रं, हिशोबाच्या पद्धती, इथे बँकेला बऱ्यापैकी यश. कुठलं काम नक्की कुणाचं हे स्पष्ट करणं आणि स्थानिक सरकारांना स्वतःचा कर गोळा करायला उभं करणं, इथे कमी. युगांडाची गोष्ट ऐकल्यावर यात आश्चर्य वाटायला नको. पहिल्या यादीतली कामं कागदावर होतात. दुसऱ्या यादीतल्या कामांमध्ये कुणाची तरी सत्ता खरंच जाते.

मॅट अँड्र्यूज, लँट प्रिचेट आणि मायकल वुलकॉक हे तिघं यासाठी प्राणीशास्त्रातून एक कल्पना आणतात. काही बिनविषारी साप विषारी सापासारखे पट्टे मिरवतात. विष नसतं, पण दिसतात तसेच, आणि वाचतात. तसंच सरकारं चांगल्या संस्थेचे पट्टे रंगवून घेतात: परिषद, समिती, आराखडा, वेबसाइट. मदत मिळत राहते. हिरवा रकाना म्हणजे रंगवलेला पट्टाच की.

आपल्याकडेही याचा एक धागा आहे. आपली ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती परदेशी पैशातून आलेली नाही. पण महाराष्ट्रात जागतिक बँकेच्या मदतीने २००३ पासून 'जलस्वराज्य' झालं, ते तुमच्यापैकी ग्रामीण भागातल्या अनेकांच्या आईवडिलांना आठवत असेल. तिथे पाणीयोजनेचा निर्णय ग्रामसभेचा, गावाची लोकवर्गणी, गावाचीच पाणीपुरवठा समिती. ते चांगलं होतं की वाईट, यावर मी इथून निकाल देणार नाही. पण मूल्यमापन करायचं तर आत्ता करता येईल, स्वस्तात. गावातल्या त्या योजनेची मोटर जळली तर आज दुरुस्ती कोण करतं? पाणीपट्टी कोण गोळा करतं, वही कुणाकडे असते? समितीची शेवटची बैठक कधी झाली, आणि तिथे कोण बोललं?

हे प्रश्न आता जास्त निकडीचे झालेत, कारण नळच बंद होतोय. अमेरिकेची मदतसंस्था यूएसएआयडी जुलै २०२५ मध्ये अधिकृतपणे बंद झाली, युरोपातले देशही मदतीला कात्री लावतायत. म्हणजे आफ्रिकेत आणि आशियात शेकडो ठिकाणी एक विचित्र, कुणी न ठरवलेली चाचणी सुरू झालीय: बाहेरचा पैसा गेल्यावर त्या परिषदा बसतात का, कर गोळा होतो का, नर्सचा पगार निघतो का. मोजायला मात्र फार कमी लोक उरलेत. मोजणाऱ्यांचा पगारही त्याच नळातून यायचा.

माझ्या त्या जुन्या डॅशबोर्डबद्दल एकाने मागे कमेंटमध्ये विचारलं होतं, त्याचं काय झालं? दोन वर्षांनी प्रकल्प संपला. सर्व्हरचं भाडं भरायचं कुणी, हे ठरलं नाही. जाण्याआधी मी शेवटचा बॅकअप घेतला तेव्हा ९४ टक्के गावं हिरवी होती. चहाच्या कपासकट.

तुमच्या गावात जलस्वराज्यची समिती अजून चालू असेल, किंवा कधी बंद पडली हे घरच्यांना माहीत असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात त्या ऐकवतो. तोपर्यंत, काळजी घ्या, भेटू!